फोटोतलं दार कुणाचं?

मी बोलतोय, दरवाजा. मागचा नव्हे, पुढचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या घरात पुढचं आणि मागचं यांचा असा काही घोळ झाला होता की खुद्द घरच्यांनाही माझी ओळख उरली नव्हती. त्या घोळापायी आजोबांचे दात गायब झाले, एक जुनी मैत्री तुटता तुटता राहिली आणि माझा आयुष्यातला पहिलावहिला फोटो निघाला. बरीच वर्षं मी गप्प होतो, त्यामुळे जरा जास्त बोलेन. सांभाळून घ्या.

मला बनवलं तेव्हा आजोबा काही आजोबा नव्हते. पोटाला चिमटा काढून दोन खोल्या बांधणारे एक तरुण गृहस्थ होते. सुताराला म्हणाले, "दार असं कर, की आलेला माणूस परत जाता कामा नये." सुतार रंधा मारता मारता म्हणाला, "मग कडी लावूच नका." दोघंही हसले. कडी लागली, चांगली जाडजूड लागली. तपकिरी रंगाचे दोन हात बसले आणि मी चौकटीत उभा राहिलो. तेव्हा माझा तोरा काय विचारता! गल्लीत माझ्याइतकं रुंद दार दुसरं नव्हतं.

आजोबा बसस्थानकावर नोकरीला होते. चौकशीच्या खिडकीमागे बसायचे आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचे. आवाज असा खणखणीत की पेंगणारा प्रवासी दचकून पिशवी उचलायचा. गल्लीत त्यांना सगळे लाडाने भोंगा म्हणत. संध्याकाळी ते माझ्यासमोर उभे राहून घोषणा करायचे, "दमलेला माणूस आलेला आहे, कडी काढावी." मग आत मुलगा आणि मुलगी यांच्यात कडीसाठी मारामारी व्हायची. दोघांचे लहान लहान हात एकदम माझ्या अंगावर आपटायचे. मला त्याचा राग कधीच आला नाही.

पुढे घराच्या मागून नवा रस्ता गेला. चांगला रुंद, दिवे असलेला. दुकानं तिकडे गेली, माणसंही तिकडूनच ये-जा करू लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेजवाल्याने जुनी टायरं आणि पत्रे रचून ठेवले आणि एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट उरली. मग घराने पाठ फिरवली म्हणा ना! मागच्या भिंतीला नवं दार बसलं, त्याला निळा रंग मिळाला, बेल मिळाली. माझ्यावरचा घराचा नंबरसुद्धा उपटून त्याला दिला. चार खिळ्यांची भोकं तेवढी माझ्याकडे राहिली.

तोवर आजोबांची लेक शिकून दुसऱ्या शहरात गेली होती. तिथे एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवते. घरात सून आली. ती शाळांचे गणवेश शिवते आणि हात असा चालतो की मशीनची घरघर दिवसभर थांबत नाही. कापडांच्या ताग्यांसाठी मोठं कपाट आलं, आणि ते कुठे ठेवायचं यावर फार डोकं न खाजवता थेट माझ्या पाठीला लावलं. "तसंही हे दार कोण उघडतंय?" असं सून म्हणाली. खोटं नव्हतं, पण लागलं. तेव्हापासून मला आतलं दिसेनासं झालं. ऐकू मात्र सगळं यायचं, त्यावरून आतलं चित्र मी मनात रंगवायचो.

पत्ता तेवढा जुन्याच गल्लीचा राहिला. सगळ्या कागदांवर तोच. बदलायला जायचं म्हणजे खेटे घालायला हवेत, म्हणून मुलगा आज जातो, उद्या जातो करत राहिला. मुलगा फ्रीज दुरुस्त करतो. लोकांचे फ्रीज चोख करतो, घरचं काम म्हटलं की त्याची टाळाटाळ सुरू. पोस्टमन जुना, त्याला ठाऊक होतं. बाकीचे पार्सलवाले गल्लीशी आले की फोन करत आणि सून मशीनच्या आवाजावर ओरडून सांगे, "मागून या हो, निळं दार!"

हे झालं फोन करणाऱ्यांचं. न करणाऱ्यांचे प्रताप मी गल्लीत उभा राहून पाहिलेत. घरपोच म्हणजे घरात पोचलेलं, असा आपला माझा भाबडा समज. समोरच्या घरी एकाने आरसा मागवला होता. पार्सलवाल्याने तो फाटकावरून आत टाकला आणि खळ्ळ आवाज झाल्यावर इकडेतिकडे बघत पळ काढला. बेकरीच्या बाजूच्या दाराशी एकाने पुस्तकांचं खोकं नळाखाली ठेवलं, बहुधा थंडगार राहावं म्हणून! एकाने तर "मालक घरी नाहीत" असं मोबाइलवर टाइप केलं, तेव्हा मालक त्याच्यापासून हातभर अंतरावर, पडद्याआड, दाढी करत होते. घाई असते हे मला मान्य आहे. पण दुसऱ्याने ज्याची वाट बघत दिवस काढलेत, ती वस्तू आपल्या हातात आहे एवढं तरी माणसाच्या ध्यानात असावं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आजोबांची जुनी कवळी धुताना हातातून सटकली आणि तिचे दोन तुकडे झाले. त्यांनी आधी डिंकाने चिकटवून पाहिली. ती जेवणात निखळली, तेव्हा घरात हसावं की रडावं कळेना. लेक फोनवर खूप रागावली, मग दोन दिवसांची रजा काढून आली. "बाबा, आ करा. अजून. लहानपणी मला करायला लावायचात ना, आता तुम्ही करा." माप घेऊन ती परत गेली आणि लॅबचं काम उरकल्यावर थांबून थांबून बापाचे दात स्वतःच्या हाताने घडवू लागली.

नेमकं त्याच सुमारास बसस्थानकाचे लोक आजोबांना शोधत आले. नव्या स्थानकावर यंत्रातला आवाज लावला होता, पण तो काय बोलतो ते कुणालाच कळत नव्हतं. माणसं भलत्याच गाडीत चढत होती. "तुमचाच आवाज हवा, साहेब. एकदा रेकॉर्ड करून ठेवू, मग कायमचं काम झालं." आजोबा आनंदाने "हो" म्हणाले, पण ते "हो" सुद्धा शिट्टीसारखं आलं. नोकरी सुटल्यापासून त्यांना कुणी असं शोधत आलं नव्हतं. रेकॉर्डिंगचा दिवस ठरला. दात वेळेवर आले नाहीत तर शहरातून दुसरा कुणी आवाजासाठी आणणार, हेही ठरलं.

दात नसताना आजोबा तोंडावर रुमाल धरून बोलत. सुनेशीही तसंच. एकाच माणसापुढे रुमाल नव्हता, तो म्हणजे शेजारचा घड्याळवाला. दोघंही बरोबरीचे. हा त्याला टिकटिक म्हणणार, तो याला भोंगा म्हणणार. रोज दुपारी शिलाईच्या खोलीत दोघांचा बुद्धिबळाचा डाव मांडलेला असे. "भोंग्या, वजीर मेला तुझा. आता बोंब मार." "दात येऊ देत टिकटिक, मग बघ कशी मारतो." कपाटामागून हे ऐकताना माझा वेळ छान जायचा.

आणि एका सकाळी पार्सलवाला आला. नवा गडी. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये ठिपका. टायरांमधून आडवा होऊन आत शिरला आणि ठिपका माझ्यासमोर थांबला, तसा तोही थांबला. मला वाटलं, आता ठोठावणार. आत मशीन चालू होतं, सून पलीकडेच होती. दोनदा मूठ आपटली असती तरी तिने ऐकलं असतं. पण त्याने छोटं खोकं पायरीवर टाकलं, मोबाइल वर धरला, माझा फोटो काढला आणि गेला. आला कधी आणि गेला कधी, मला नीट बघताही आलं नाही. खोकं कोलांटी खाऊन माझ्या पायाशी पडलं. वरच्या पाइपातून टपटप पाणी गळत होतं ते बरोबर त्याच्या कोपऱ्यावर.

आत मुलाचा मोबाइल वाजला. "अरे, दात आले म्हणे!" सगळे मागच्या दाराकडे धावले. परत आले ते रिकाम्या हाताने.

मग फोनाफोनी सुरू झाली.

"साहेब, तुमचं पार्सल पोहोचलेलं आहे."

"कुठे पोहोचलंय? कुणाच्या हातात दिलं?"

"घरच्या व्यक्तीच्या हातात दिलं, असं इथे दिसतंय. फोटोही आहे."

मुलाने फोटो उघडला. मी कपाटाआड कान टवकारून होतो. म्हटलं, आता ओळखतील. आता कपाट सरकणार.

"हे आपलं दार नाही," मुलगा म्हणाला.

"छे, आपलं निळं आहे," सून म्हणाली. "हे बघा ना, रंग उडालाय, कळकट कुठलं. नंबरसुद्धा नाही."

मला काय वाटलं ते सांगू? रडू आलं. याच मुलाने माझ्या कडीसाठी बहिणीचे केस ओढले होते. आजोबांनीही फोटो पाहिला, पण लांबून, छोट्याशा पडद्यावर आणि चष्म्याशिवाय.  ते आधीच खचले होते. मी ओरडून सांगू पाहत होतो की बाबांनो, मीच तो, तुमचे दात माझ्या पायाशी भिजतायत. पण दाराचं ओरडणं म्हणजे करकरणं, आणि करकरायलासुद्धा कुणीतरी हलवावं लागतं.

नव्या रस्त्यावर तपकिरी दार एकच होतं, घड्याळवाल्याचं. शिवाय मागे एकदा यांचं पार्सल त्याने घेऊन ठेवलं होतं आणि द्यायचं विसरला होता. एवढं मुलाला पुरे झालं. दुपारी घड्याळवाले डावासाठी आले, तर मुलाने मोबाइलच पुढे केला.

"काका, राग मानू नका. हे तुमचंच दार ना? पार्सल चुकून तुमच्याकडे..."

"माझ्याकडे काही आलेलं नाही."

"एकदा घरात बघता का? मागच्या वेळीही तुम्ही असंच..."

खोलीतलं मशीन थांबलं.

"म्हणजे भोंग्याचे दात लावून मी बसलोय, असं म्हणायचंय तुला?" घड्याळवाले हसून बोलायला गेले, पण हसू काही जमलं नाही. "काय रे भोंग्या? तुलाही असंच वाटतं?"

आजोबांनी "नाही" म्हणायला हवं होतं. एवढासा शब्द, त्याला दातसुद्धा लागत नाहीत. पण त्यांचं सगळं लक्ष हातातून निसटणाऱ्या रेकॉर्डिंगच्या दिवसावर होतं. ते गप्प राहिले. घड्याळवाले उठले आणि निळं दार त्यांच्यामागे हळूच लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी डाव झाला नाही. त्यानंतरही नाही. सोंगट्या डब्यात गेल्या.

यात आणखी एक शहाणपणा घरच्यांनी केला. लेकीला काही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. "पोरीने जीव ओतून केलीय, तिला काय सांगू हरवली म्हणून?" असं आजोबांचं म्हणणं. त्यामुळे फोनवर सगळे तोंड भरून खोटं बोलत. दात आले, छान आहेत, अगदी घट्ट बसलेत. इकडे रेकॉर्डिंगचा दिवस तोंडावर आलेला आणि पायरीवर खोक्याचा एक कोपरा लगदा झालेला. एक मांजर येऊन त्यावर बसूनही गेलं. आजोबांच्या दातांचं रक्षण करायला मला हात नाहीत, म्हणून मी नुसता उभा होतो.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी लेकीने व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, मला घालून दाखवा ना."

"आत्ताच धुऊन ठेवलेत गं," आजोबा रुमालातून म्हणाले.

"रुमाल काढा बघू."

"सर्दी झालीय."

"बाबा!"

तो "बाबा!" असा होता की आजोबांच्या हातातला रुमाल आपोआप खाली आला. मग सगळं बाहेर पडलं. लेक आधी चिडली, मग म्हणाली, "दादा, तो फोटो पाठव."

मुलाने तो पाठवला. मी कपाटाला कान लावून होतो.

आणि फोनमधून हसू फुटलं. हसता हसता ती रडत होती असं मला वाटलं. "अरे दादा, तुम्हाला झालंय काय? हे आपलंच दार आहे! पुढचं! खाली डावीकडे टवका उडालाय बघ. तिथे माझी सायकल धडकली होती. बाबांनी मला मारलं नव्हतं, तुला मारलं होतं, कारण तू ढकललीस. वहिनी, अगं तुझ्या कपाटाच्या मागे असेल ते दार!"

माझं ऐका, घरात राहणाऱ्यांना घर दिसत नाही. गेलेल्या पोरीला ते सगळंच्या सगळं आठवत होतं. टवक्यासकट.

मुलगा निळ्या दारातून धावत सुटला. नव्या रस्त्यावरून वळसा घालून, टायरांमधून शर्ट फाडून घेत गल्लीत आला. माझ्यासमोर उभा राहिला आणि मला खालपासून वरपर्यंत बघत राहिला. खोकं उचलून त्याने छातीशी धरलं. आता आला तसा परत जाईल, असं मी धरून चाललो होतो. पण काय मनात आलं कोण जाणे, त्याने हात वर केला आणि मला ठोठावलं.

आत सून म्हणाली, "अगंबाई!"

आजोबा म्हणाले, "वळसा घालून येऊ नकोस रे. थांब तिथेच. उघडतो."

तागे बाहेर निघाले, कपाट किरकिरत सरकलं आणि माझ्या पाठीला हवा लागली. पण कडी गंजून बसलेली, बिजागऱ्या आखडलेल्या आणि पावसाळ्यांनी मी स्वतःही चौकटीत फुगून बसलेलो. सुनेने ओढलं, मुलाने ढकललं, काही उपयोग झाला नाही. माझी इच्छा असून मला हलता येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा आजोबा उठले. रुमाल खुर्चीवरच राहिला. तसेच बोळक्या तोंडाने ते नव्या रस्त्यावर गेले, सगळ्यांच्या देखत. परत आले ते घड्याळवाल्यांना घेऊन. तिथे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण उंबऱ्यापाशी आल्यावर घड्याळवाले म्हणत होते, "कळलं रे, कळलं. किती वेळा माफी मागशील? एक तर तुझं बोलणं नीट कळत नाहीये." त्यांच्या हातात तेलाची बारीक नळीची बाटली होती. प्रत्येक बिजागरीत, कडीच्या प्रत्येक सांध्यात त्यांनी तेल सोडलं, तेही अगदी सावकाश. मग म्हणाले, "ओढा."

मी उघडलो. एवढ्या जोरात ओरडलो की समोरच्या घरातले लोक गच्चीवर आले. आत उजेड गेला, आतली कापडाची धूळ बाहेर आली आणि उंबऱ्यावर आजोबा आणि मुलगा समोरासमोर उभे राहिले.

खोकं कुजलं होतं, पण लेकीने आतला डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे दिले होते. पार्सलवाल्यांची तिला चांगली ओळख असणार! दात कोरडेठाक होते. आजोबांनी ते बसवले, ओठ मिटले, उघडले, आणि पहिला शब्द बोलले तो घड्याळवाल्यांकडे बघून. "नाही."

"काय नाही?"

"तू विचारलं होतंस ना, मलाही असंच वाटतं का म्हणून. नाही. वाटलं नव्हतं."

घड्याळवाल्यांनी बाटलीचं झाकण लावायला बराच वेळ घेतला.

नव्या दातांची सवय व्हावी म्हणून त्या संध्याकाळी आजोबा माझ्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले आणि रिकाम्या गल्लीला गाड्यांच्या घोषणा ऐकवत राहिले. टायरांच्या पलीकडे घड्याळवाले उभे राहून ओरडत, "भोंग्या, 'फलाट' पुन्हा म्हण!" दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग झालं.

आता मी रोज उघडतो. कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं आणि सुनेला शिवायला उजेड मिळाला. ती आता म्हणते, आधी का सुचलं नाही. तिला सुचवायला मी कधीचा तयार होतो, पण मला विचारतो कोण?

तो पार्सलवालाही पुन्हा आला, गणवेशांची बटणं घेऊन. आजोबांनी त्याला बरोबर पकडलं. मला वाटलं आता भोंगा वाजणार. पण त्यांनी त्याला पाणी दिलं.

"त्या दिवशी ठोठावलं का नाहीस?"

"आजोबा, कडी गंजलेली. म्हटलं इथे कुणी राहत नसणार."

"मग ठेवलंस कशाला?"

पोरगं ओशाळलं. "ठिपका इथेच दाखवत होता. आणि दारोदार थांबलो तर अर्धी गाडी भरलेली राहते, मग बोलणी मलाच बसतात."

"ठोठाव आता."

त्याने उघड्या दारावरच टकटक केली.

"लागला का फार वेळ?"

त्याला हसू आलं. आता तो ठोठावतो. कधी कधी दोनदा.

म्हणून माझं तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगणं. पार्सल आणणाऱ्यांनो, बंद दार म्हणजे रिकामं घर नव्हे. एक टकटक करून बघा. आणि घरात बसलेल्यांनो, तुम्हीही कधी बाहेर येऊन आपल्या दाराकडे नीट बघत जा, आणि शेजाऱ्याच्या दारावर बोट ठेवण्याआधी तर नक्कीच बघा.

परवा लेक सुट्टीवर आली. मागून नाही, गल्लीतून, टायरांना शिव्या देत. आजोबा उंबऱ्यावरच होते. "गाडीला उशीर झाला का गं?" त्यांनी विचारलं.

"गाडी कधीच आली, बाबा." तिने पिशवी खाली ठेवली. "मी उतरले, तर वरच्या स्पीकरमधून तुम्ही बोलत होतात. एक गाडी सांगितलीत, मग दुसरी, मग तिसरी. मला तिथून हलवेनाच."

आजोबा काही बोलले नाहीत. दात होते, तरी नाही बोलले. तिची पिशवी उचलली आणि बाजूला होऊन तिला आत घेतलं.

मी उघडाच होतो. संध्याकाळी मला लावून घ्यायचं त्या दिवशी सगळे विसरले, आणि मीही आठवण केली नाही.